दरवाढीला हरकत घ्यायची, पण कुणाच्या दारात?

विचारलेला प्रश्न असा: "कोल्हापुरात आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. वीज दरवाढीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना पेपरात आलीय. भागातल्या हजारभर सह्या गोळा करून निवेदन द्यायचं चाललंय. काहीजण म्हणतात, बिलंच भरायची नाहीत. यातलं नेमकं काय लागू पडतं?"

सह्या गोळा करण्याआधी एक काम करा. सोसायटीचं गेल्या महिन्याचं बिल समोर घ्या आणि प्रत्येक ओळीपुढं लिहा, ही रक्कम कोण ठरवतं. स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार (वीज तुमच्यापर्यंत वाहून आणण्याचा) या तिन्ही गोष्टी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. इंधन समायोजन आकार, म्हणजे वीज खरेदीचा खर्च बदलला तसा बदलणारा आकार, वितरण कंपनी (महावितरण) लावते, पण आयोगानं मान्य केलेल्या सूत्रानं. त्याखाली वीज शुल्क असतं, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. तो राज्य सरकारचा कर आहे, आणि तो वरच्या आकारांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे दर वाढला की सरकारचा करही आपोआप वाढतो, त्यासाठी विधानसभेत कुणाला हात वर करावा लागत नाही. अनुदान द्यायचं की नाही, हेही सरकारच्याच हातात.

तुमची खरी अडचण इथं आहे. सगळे "दरवाढ रद्द करा" म्हणतात आणि तो कागद जिल्हाधिकारी कार्यालयात देतात. जिल्हाधिकाऱ्यांना यातला एक पैसाही कमी-जास्त करता येत नाही. ते निवेदन पुढं पाठवतात, तिथून ते आणखी पुढं जातं, आणि ते आयोगाच्या फायलीत लागेपर्यंत हरकतींची मुदत संपलेली असते. कोल्हापुरातला टोल रस्त्यावर लढून गेला, हे खरं. पण तो प्रश्न सरकारच्या अखत्यारीतला होता, म्हणून सरकारवरचा दबाव कामाला आला. विजेचा दर वीज कायदा २००३ च्या कलम ६२ आणि ६४ नुसार आयोग ठरवतो, तोही अर्ध-न्यायिक पद्धतीनं. समोर आलेल्या कागदांवर त्याला निर्णय द्यावा लागतो आणि कारणं लिहावी लागतात.

म्हणून मोर्चा काढायचाच असेल तर जरूर काढा, पण मागणी सरकारकडं करा: वीज शुल्क कमी करा, कलम ६५ खाली अनुदान द्या. या कलमात एक महत्त्वाची अट आहे. सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम सरकारनं आगाऊ भरायची असते. तेव्हा घोषणेवर खूश होऊ नका, रकमेची तरतूद झाली का ते विचारा. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांचा बराचसा लढा मंत्रालयाशी असतो तो याचमुळं, कारण त्यांच्या बिलातली सवलत वस्त्रोद्योग धोरणातून येते. पंचगंगेच्या काठावरच्या उपसा सिंचन संस्थांचंही तसंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे. संस्थांचे पंप त्याहून कितीतरी मोठे, त्यामुळं त्यांची सगळी भिस्त वेगळ्या सरकारी अनुदानावर.

आता आयोगाकडं काय द्यायचं ते पाहू. दरवाढीचा प्रस्ताव कंपनी आयोगाकडं याचिका म्हणून दाखल करते. हजार सह्यांचं एक निवेदन ही आयोगाच्या दृष्टीनं एक हरकत असते. एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्स प्रती दिल्या तरी ती एकच हरकत. आयोगाच्या आदेशाची मांडणी अशी असते: मुद्दा काय, त्यावर कंपनीचं उत्तर काय, आयोगाचा निष्कर्ष काय. "सामान्य माणूस महागाईनं पिचला आहे" हा मुद्दा खरा असला तरी त्यावर "याचिका नियमावलीनुसारच दाखल केली आहे" एवढं उत्तर कंपनीला पुरतं. कागदावरचा आकडा धरून प्रश्न विचारला, तर आकड्यानंच उत्तर द्यावं लागतं. सह्या वाया जातात असं नाही. त्या ठरावासोबत जोडा, म्हणजे तुम्ही कुणाच्या वतीनं बोलताय ते दिसतं. पण त्यांचा उपयोग तेवढाच.

पहिली तपासायची गोष्ट म्हणजे तारीख. जाहीर सूचनेत प्रकरण क्रमांक, हरकतीची शेवटची तारीख आणि सुनावणीचं ठिकाण असतं. मुदत साधारण तीन आठवड्यांची मिळते, कधी त्याहून कमी. पूर्ण याचिका कंपनीच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर असते, मराठी सारांशही मिळतो. सारांश वाचून हरकत लिहू नका. सारांशात कंपनीला जे सांगायचं आहे ते असतं, तुम्हाला हवं ते मूळ याचिकेच्या तक्त्यांत असतं. कागद शेकडो पानांचा असतो, पण सगळा वाचायची गरज नाही. घरगुती ग्राहकानं चार ठिकाणं पाहिली तरी भागतं: वर्षनिहाय महसुली गरजेचा (दरातून वसूल करायच्या एकूण खर्चाचा) एकत्रित तक्ता, विक्रीचा अंदाज, वितरण हानी (ग्राहकापर्यंत पोचेपर्यंत गळणारी वीज), आणि शेवटी प्रस्तावित दरांचा तक्ता.

दरांच्या तक्त्यापासून सुरुवात करा, कारण टक्केवारीची गंमत तिथंच असते. समजा, गेल्या वर्षी मूळ दर ८ रुपये होता आणि त्यावर ६० पैसे इंधन समायोजन लागत होतं. आता ८ रुपये ९० पैशांचा प्रस्ताव आहे. कंपनी ८.६० शी तुलना करून "फक्त साडेतीन टक्के वाढ" म्हणेल. ८ रुपयांशी तुलना केली तर ती सव्वाअकरा टक्के होते. दोन्ही गणितं बरोबर आहेत. फरक एवढाच की इंधन समायोजन हा खर्च चढला-उतरला तसा हलणारा आकार, आणि तो मूळ दरात मुरला की पुन्हा सहजासहजी खाली येत नाही. वर नवा समायोजन आकार पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतो. हरकतीत सरळ विचारा: तुलनेचा पाया कोणता, इंधन समायोजन धरून की वगळून? दोन्ही प्रकारे संवर्गनिहाय (प्रत्येक ग्राहकवर्गाचा वेगळा) तक्ता द्या.

दुसरी खोच आकारांच्या अदलाबदलीत असते. वीज आकार घटवून वहन किंवा स्थिर आकार वाढवला, तर बातमीत "दर कमी" असं येतं आणि कमी वापरणाऱ्याचं बिल वाढतं. स्थिर आकाराला तर वापराशी देणंघेणंच नाही. घर बंद ठेवून मुलाकडं पुण्याला गेलेल्या आजी-आजोबांनाही तो भरावा लागतो. म्हणून आपल्या सोसायटीतल्या वेगवेगळ्या वापराच्या चार फ्लॅटची बिलं घ्या, प्रस्तावित दरानं पुन्हा मांडा आणि हा तक्ता हरकतीला जोडा. आयोगापुढं इतका ठोस कागद फार कमी लोक ठेवतात.

महसुली गरजेच्या तक्त्यात सगळ्यात मोठी ओळ वीज खरेदीची, एकूण खर्चाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास. लोक कर्मचाऱ्यांच्या पगारावर आणि कार्यालयांतल्या एसीवर तुटून पडतात. ते सोपं असतं, पण तिथं पैसा थोडा. खरेदीत विचारायचं ते असं: कुठल्या महागड्या केंद्राची वीज न घेताही स्थिर खर्च द्यावा लागतोय? अल्पकालीन खरेदी कोणत्या महिन्यांत आणि काय भावानं धरली? सौर विजेचे करार कार्यान्वित व्हायच्या तारखा वास्तवाला धरून आहेत का?

वितरण हानीचा मुद्दा मात्र प्रत्येकानं घ्यावा, कारण त्याचं गणित पाठ्यपुस्तकाइतकं सोपं आहे. ग्राहकांना १०० युनिट विकायचे आहेत. हानी १४ टक्के असेल तर ११६.३ युनिट विकत घ्यावे लागतात, १६ टक्के असेल तर ११९. फरक पावणेतीन युनिटांचा. खरेदी ५ रुपयांनी धरली तर विकलेल्या प्रत्येक युनिटवर सुमारे १४ पैसे बोजा पडतो. वर्षाला एक लाख दशलक्ष युनिट विकणाऱ्या कंपनीला एक पैसा म्हणजे १०० कोटी रुपये. १४ पैसे म्हणजे १४०० कोटी. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेत, याचिकेतले खरे आकडे त्या जागी घाला.

हानीचा आकडा विक्रीच्या अंदाजाशी जोडलेला असतो, आणि विक्रीत सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे विनामीटर शेतीपंप. मीटर नाही, म्हणजे वापर अंदाजानं. अंदाज जास्त धरला की तेवढी हानी कागदावर कमी दिसते. महाराष्ट्रात हा वाद वर्षानुवर्षं चाललाय. त्यावर सत्यशोधन समिती आणि अभ्यासगट नेमावे लागले. फीडरवर (त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) मोजलेली वीज, पंपांचे तास आणि दाखवलेला वापर यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न शहरी ग्राहकानंही विचारायचा असतो. तो शेतकऱ्याच्या विरोधात नाही. उलट शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याची गळती टाकली जाऊ नये, यासाठीच तो आहे.

एवढं करून फरक पडतो का? २०२३ च्या मध्यावधी फेरआढाव्यात महावितरणनं सुमारे ६७ हजार कोटींची तूट भरून मागितली होती. आयोगानं ३१ मार्च २०२३ च्या आदेशात सुमारे ३९ हजार कोटी मान्य केले. ही सगळी कपात हरकतींमुळं झाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. आयोगाचे अधिकारी स्वतःही छाननी करतात. पण ज्या मुद्द्यावर कुणीच बोट ठेवत नाही, तो चर्चेशिवाय निघून जाण्याची शक्यता जास्त.

आता तुमच्या सोसायटीकडं येतो. तुमच्याकडं एक मुद्दा असा आहे, जो बाहेरच्या कुठल्याही संघटनेपेक्षा तुम्ही नीट मांडू शकाल. जिना, लिफ्ट, पाण्याची मोटर यांचा सामायिक मीटर घरगुती संवर्गातच येतो, आणि त्याला स्लॅबही घरगुतीच लागतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. समजा, तुमचा सामायिक वापर महिन्याला ९०० युनिट आहे. त्यातले ४०० युनिट सर्वांत महाग स्लॅबात जातात. प्रत्यक्षात हा वापर २४ कुटुंबांचा आहे, म्हणजे घरटी साडेसदतीस युनिट. चढे स्लॅब ठेवण्यामागचा हेतू चैनीच्या वापराला आळा घालण्याचा. तो चौथ्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या मोटरला लागू करणं तर्काला धरून नाही.

हरकत अशी लिहा: "सामायिक मीटरसाठी स्लॅबची मर्यादा फ्लॅटच्या संख्येच्या प्रमाणात धरावी, अथवा अशा जोडणीला एकच सरासरी घरगुती दर लावावा. अशा जोडण्या किती आणि त्यांचा वार्षिक वापर किती, याची माहिती कंपनीनं द्यावी." शेवटचं वाक्य गाळू नका. कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: वेगळी वागणूक दिली तर महसूल घटेल. किती घटेल हे सांगायला आकडा तिच्याचकडं आहे, तेव्हा तो तिनंच मांडावा. कलम ६२(३) नुसार एकूण वापर, वेळ आणि वापराचा उद्देश पाहून आयोगाला दरात फरक करता येतो. म्हणजे कायद्यात वाट आहे. लगेच मान्य होईल याची हमी मी देत नाही. असे मुद्दे दोन-दोन फेऱ्यांनी पदरात पडतात. (जाता जाता: स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ च्या वापरावर युनिटमागं सवलत आहे. सोसायटीची टाकी सकाळी सहाला भरण्याचा रिवाज असेल तर वॉचमनला दहाला मोटर लावायला सांगा.)

कागदाची बाजू सोपी आहे, पण चुका तिथंच होतात. पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, ई-मेल, ग्राहक क्रमांक. हरकत स्वतःसाठी की संस्थेसाठी, ते स्पष्ट लिहा. संस्थेसाठी असेल तर कमिटीचा ठराव जोडा. "प्रत्यक्ष सुनावणीत म्हणणं मांडू इच्छितो" ही ओळ विसरलात तर बोलायची संधी हुकू शकते. प्रत कंपनीलाही द्यायची आणि दिल्याचा पुरावा ठेवायचा. मराठीत लिहिलेलं चालतं. एका मुद्द्याला एक परिच्छेद, त्यात याचिकेचा पान किंवा तक्ता क्रमांक, तुमचं गणित आणि नेमकी मागणी. चार पानांच्या वर जाऊ नका. कंपनीचं उत्तर आलं की त्याला प्रत्युत्तर देता येतं, आणि बहुतेक लोक इथंच ढिले पडतात. "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं असेल तर "माझ्या क्रमांक दोनच्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही" असं लिहून पाठवा. उत्तर न मिळाल्याची नोंद राहणं हेही पुढं अपिलात उपयोगी पडतं.

सुनावणी विभागवार होते, आपल्याला पुणे जवळचं. अलीकडं ऑनलाइनही हजर राहता येतं, पण ते त्या-त्या सूचनेवर अवलंबून. बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. लेखी हरकत वाचून दाखवण्यात ती घालवू नका. एकच मुद्दा घ्या, एकच तक्ता दाखवा. भागातल्या पाच संस्था जाणार असाल तर मुद्दे वाटून घ्या: एकानं स्थिर आकार, दुसऱ्यानं हानी, तिसऱ्यानं सामायिक मीटर.

शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रीवाल्यांना सोबत घ्यायचं का, असा प्रश्न येईल. घ्या, पण एकाच कागदावर नको. त्यांचं दुखणं वेगळं आहे. भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटला दीड रुपया सवलत होती, म्हणून भट्ट्या रात्री पेटायच्या. ती सवलत जाऊन दुपारच्या सौर तासांत आली. ६०० युनिटांच्या हिशेबानं टनाला ९०० रुपयांचा फरक तिथंच पडला. त्यांनी मीटरचा एमआरआय डेटा (मीटरमध्ये साठलेली वापराची नोंद) काढून वेळेनुसार भार दाखवला पाहिजे. शिवाय हितसंबंध कधीकधी एकमेकांच्या विरोधातही जातात. उद्योगांची जुनी तक्रार क्रॉस सबसिडीची, म्हणजे त्यांच्याकडून जास्त दर घेऊन इतर ग्राहकांना स्वस्त वीज देण्याची, आणि ती कमी झाली तर बोजा घरगुती ग्राहकाकडं सरकतो. मैत्री ठेवून हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

"दरवाढच नको, तूट पुढं ढकला" ही मागणी करताना जपून. मान्य झालेली पण वसूल न केलेली तूट नियामक मालमत्ता म्हणून वहीत राहते आणि तिच्यावर व्याज चढतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये अशा साचलेल्या रकमा ठरावीक वर्षांत संपवायला सांगितलं आहे. त्यामुळं ढकललेली वाढ व्याजासकट परत येणार. मागणी करायची ती तूटच कमी मान्य करण्याची, म्हणजे कार्यक्षमतेच्या अभावानं झालेला खर्च ग्राहकावर न टाकण्याची.

बिल न भरण्याबद्दल स्पष्ट सांगतो: करू नका. कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते, आणि मंजूर दरानं आलेलं बिल "दर मान्य नाही" म्हणून थांबवायला कायदा संरक्षण देत नाही. त्याच कलमात निषेध नोंदवून रक्कम भरायची सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती. पण ती बिलाच्या वादासाठी आहे. चुकीचं रीडिंग, चुकीचा संवर्ग, तीन महिन्यांचा वापर एका महिन्याच्या स्लॅबात कोंबलेला, अशा तक्रारींना ती लागू पडते. त्यांच्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. दर जास्त आहे ही तक्रार घेऊन मंचात गेलात तर पहिल्याच तारखेला परत पाठवतील.

आदेश लागला की लढा संपला, असंही समजू नका. २८ मार्च २०२५ ला आयोगानं दर कमी करणारा आदेश दिला, महावितरणनं फेरविचार मागितला, मूळ आदेशाला स्थगिती मिळाली आणि २५ जूनच्या आदेशानं १ जुलैपासून वेगळेच दर लागू झाले. मार्चमध्ये पेढे वाटून घरी बसलेल्यांना हे जुलैच्या बिलात कळलं. म्हणून आदेशानंतरचे दोन-तीन महिने आयोगाच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकरणाशी जोडलेला नवा क्रमांक येतो का, ते आठवड्यातून एकदा पाहत जा. ग्राहकालाही फेरविचार मागता येतो, पण कारण लागतं: नवा पुरावा किंवा आदेशात उघड दिसणारी चूक. अपील दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडं, ४५ दिवसांत. त्याचं शुल्क आणि वकिलाचा खर्च एका सोसायटीला झेपणारा नाही, तो राज्यपातळीवरच्या ग्राहक संघटनेसोबतच करावा. अशी एक जुनी संघटना तुमच्या शेजारी इचलकरंजीतूनच चालते.

मुदतीचे किती दिवस उरलेत ते आधी मोजा. आठवड्याहून कमी असतील तर बाकी सगळं सोडा, सामायिक मीटरचा एकच मुद्दा दोन पानांत लिहा, बारा महिन्यांची बिलं जोडा आणि पाठवा.